सोनूआत्याचा हात फिरला

"आत्या, माझ्या धनुष्याला कोणी हात लावला?"

ज्ञानेश्वरीची किंकाळी मागीलदारी पोचली तेव्हा सोनूआत्या राखेने कोयता घासत होती. तिने मान वरही केली नाही.

"मी स्वच्छ केलं. केवढा तो मळ! खंडेनवमीला देवापुढे असं ठेवतात काय गो?"

सोनूआत्या ही ज्ञानेश्वरीच्या वडिलांची, गुरुप्रसादची, थोरली बहीण. नवरात्रात सासरहून, पावस गावाहून, चार दिवस माहेरी यायची आणि चार दिवसांत घर खरवडून काढायची. गेल्या वर्षी तिने मिक्सरच्या बटणावरचे आकडे पुसून टाकले. तेव्हापासून या घरात चटणी अंदाजाने होते. यंदा सकाळपासून कोयते, खुरपी, आंबे काढायचा झेला, गुरुप्रसादची स्कूटर असं सगळं घासून झालं होतं, आणि नको तिथे हात फिरणार नाही तर ती सोनूआत्या कसली!

धनुष्याच्या दोरीत, डोळ्यासमोर येईल अशा जागी, बारीक भोकाची एक काळी चकती बसवलेली असते. दोरी ताणली की त्या भोकातून बघून नेम धरायचा. चकती हलू नये म्हणून तिच्या वरखाली बारीक दोऱ्याच्या गाठी मारतात. ज्ञानेश्वरीच्या सरांनी दोन संध्याकाळ घालवून, चकती केसाकेसाने वरखाली करून, त्या गाठी मारल्या होत्या. आत्याने त्या ब्लेडने पाच मिनिटांत कापल्या. चकती घसरत दोरीच्या खालच्या टोकाला जाऊन बसली होती.

"मला वाटलं, नजर लागू नये म्हणून बांधलेला दोरा. जुना झालेला," आत्या म्हणाली.

"आत्या, उद्या सकाळी आठला निवड आहे! राज्याच्या संघात दोनच जागा आहेत! गेल्या वर्षी एका गुणाने हुकले मी!"

"मग आता स्वच्छ धनुष्याने जा की."

ज्ञानेश्वरीने कपाळावर हात मारून घेतला आणि सरांना फोन लावला. सर सासुरवाडीला, चिपळूणला. मागे आरतीचा गजर चालू होता. "अगं, त्यात काय!" सर ओरडून म्हणाले. "दोरी ताणून बघ, चकती डोळ्यासमोर आली की तिथे बांध. दोरा आहे ना?"

दोरा होता. धनुष्यही होतं. पण ते पाटावर, कोयत्यांच्या रांगेत, कुंकू लावून, झेंडू वाहून ठेवलेलं होतं.

"उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय उचलायचं नाही," आत्याने निक्षून सांगितलं. "तुझ्या आजोबांनी पूजेतला कोयता उचलला आणि माडावरून पडले."

"ते पुढच्या वर्षी पडले, ताई," गुरुप्रसाद म्हणाला.

"पडले ना पण?"

उत्तरपूजा सकाळी सातला, मैदानावर आठला हजर. मधे चकती बसवून बघायला वेळ कुठला! ज्ञानेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुप्रसाद जिल्हा परिषदेत कारकून होता, त्यामुळे नियमातून वाट काढणं त्याच्या हातचा मळ.

"उचलायचं नाही ना? नाय उचलत. हात लावायचा नाही असं कुठे म्हटलंय? जागेवरच बांधू." असं म्हणून तो पाटासमोर पालथा पडला. आंब्याच्या दिवसांत पेट्या बांधायचा त्याचा हातखंडा होता. त्याने दोन वेढे दिले, करकचून आवळलं आणि बोराएवढी गाठ मारली.

"वाशीच्या बाजारापर्यंत सुटायची नाय!"

"बाबा, ही चकती आहे, आंब्याची पेटी नाही! भोक झाकलं गेलं सगळं!"

एवढ्यात शेजारचा महिपत पूजेला फुलं मागायला आला. मासळीची जाळी विणण्यात त्याची हयात गेली होती. पालथ्या पडलेल्या गुरुप्रसादकडे त्याने पाहिलं, मग गाठीकडे पाहिलं आणि विचारलं, "ही कोणी मारली?"

रत्नागिरीत एकाने मारलेली गाठ दुसऱ्याला पटली असं आजवर झालेलं नाही. महिपतही पालथा पडला. त्याने गाठ कापली आणि जाळ्याची गाठ मारली. गाठ बारीक आली, पण चकती तिरकी झाली.

"याला गाठ म्हणतात?" गुरुप्रसादने ती कापली.

"मेल्या, या गाठीने सुरमई ओढली हाय!"

"मग सुरमईला बांध!"

दोघांनी दोन-दोन वेळा एकमेकांच्या गाठी कापल्या. हातभर लांब दोऱ्याची वीत उरली. दोघेही पालथेच, आणि आवाज आरे-वारेच्या किनाऱ्यापर्यंत जाईल इतका चढलेला. सुरमई मोठी की पेटी जड यावर ते पोचले तेव्हा ज्ञानेश्वरी मटकन खाली बसली.

"राहू दे. मी जातच नाही उद्या," ती म्हणाली आणि हुंदके देऊन रडायलाच लागली.

सोनूआत्या इतका वेळ बाजूला झेंडूचं तोरण करत होती. तिचे हात थांबले. पोरीला रडवलं ते आपणच, हे तिला आता कळलं आणि तिचा चेहरा पडला. पण कबूल करील तर ती आत्या कसली.

"सरका रे मेल्यांनो. दोघांनी मिळून दोरा नासवलात."

तिने मांडी घातली, चकती बोटाने वर सरकवली आणि एक गाठ पुढून, एक मागून, पुन्हा पुढून, पुन्हा मागून, अबोलीची वेणी बांधावी तशी भराभर गाठत गेली. वीतभर दोऱ्यात वरखाली दोन्हीकडे बांधून झालं. चकती सरळ आणि भोक मोकळं.

"पण आत्या, जागा? जागा कशावरून?"

"ही काय. दोरी खालची अर्धी पुसून झाली आणि पावसहून फोन आला. वरची राहिली. त्या मळक्या दोरीत ही दोन बोटं जागा तेवढी पांढरी दिसते. म्हणजे इथेच गाठी होत्या, मळ पोचला नव्हता." एवढं बोलून तिने घाईघाईने तोरण पुढे ओढलं. मळ होता म्हणूनच जागा सापडली, हे आपण बोलून गेलो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं.

दसऱ्याच्या सकाळी ज्ञानेश्वरीने पहिल्या बाणाला दोरी ताणली. चकतीचं भोक बरोबर डोळ्यासमोर. दुपारी यादी लागली. तिची दुसरी जागा, एका गुणाने.

दिवाळीला सोनूआत्या पुन्हा आली. दोन दिवस घर दणाणलं. गुरुप्रसादने आपली स्कूटर गुपचूप महिपतकडे नेऊन ठेवली. तिसऱ्या दिवशी सरावाहून परतलेल्या ज्ञानेश्वरीने जेवण उरकून धनुष्य पुन्हा हातात घेतलं आणि तिची बोटं काळी झाली.

"आत्या! माझ्या धनुष्याला कोणी हात लावला?"

"मी," आत्या शांतपणे म्हणाली. "गाठींना नाय हो शिवले. पण दोरी वर मळकी आणि खाली पांढरी, अर्धवट काम बरं दिसत नव्हतं. आणि तुला तर मळच लागतो. म्हणून तव्याची काजळी तेलात कालवली आणि खालीपण लावून ठेवली. बघ, आता कशी सारखी दिसते!"