मॅडमच्या वहीतले हुकूम

"आई, इथे सही करा," म्हणत सूनबाईनं कागद पुढे केला. सासूनं, म्हणजे थोरलीनं, तो आधी हातभर लांब धरला, मग नाकाजवळ आणला आणि टेबलावर ठेवून दिला.

"माझा चष्मा सापडत नाहीये. तूच सांग काय ते."

थोरलीचा चष्मा गेली बेचाळीस वर्षं, म्हणजे लग्न झाल्यापासून सापडत नव्हता. दुसरीची शाळा अर्ध्यावर सुटलेली. सही आणि बसचे आकडे, एवढीच तिची विद्या. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीच्या जोरावर तिनं दोन दीर, एक नणंद आणि नवरा सरळ ठेवले होते. आता तीच मूठ सूनबाईपुढे उघडायची? त्यापेक्षा मेलेलं बरं.

"डे केअर आहे, आई. वृद्धाश्रम नाही," सूनबाई सांगू लागली. ही शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. सल्ला फोनवर, सेवा लांबून. "सकाळी नऊला व्हॅन येऊन बाबांना नेईल, पाचला आणून सोडेल. तिथे व्यायाम करून घेतात, गोळ्या देतात, जेवण असतं, चार माणसांची सोबत होते. तुम्हालाही दिवसा पाठ टेकता येईल."

"म्हणजे म्हाताऱ्यांची शाळा."

"तसंच समजा. फक्त रोज एक वही येईल. त्यांनी काय काय केलं, घरी काय करून घ्यायचं, ते मॅडम लिहिणार. तुम्ही वाचून सही करायची."

वाचून म्हटल्यावर थोरली नाहीच म्हणणार होती. पण पाठ टेकायची हावच मोठी होती.

तिचा नवरा निवृत्त हेडक्लार्क. आठ महिन्यांपूर्वी त्याची डावी बाजू लुळी पडली. डॉक्टर म्हणत होते की हात बराचसा परत आलाय; पण ही बातमी अजून हेडक्लार्कपर्यंत पोचली नव्हती. शर्टाची बटणं थोरली लावायची, कप थोरली धरायची, आणि चहा कोमट झाला तर शिव्याही थोरलीच खायची.

पहिल्या संध्याकाळी तो वही घेऊन आला.

"अहो, तुम्हीच वाचा. माझा चष्मा..."

"असू दे, असू दे." हेडक्लार्कनं घसा साफ केला. "'सदर रुग्ण आज अत्यंत थकलेले आढळले. सबब घरी त्यांच्याकडून कोणतेही काम घेण्यात येऊ नये. तळपायांस कोमट तेल लावण्यात यावे.'"

काय शिकलेली बाई आहे, थोरलीला वाटलं. तिनं तेल कोमट केलं आणि खाली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी चहाचे कप दोन झाले. चौथ्या दिवशी टीव्हीचा रिमोट 'रुग्णाच्या ताब्यात' गेला. दुसऱ्या आठवड्यात तर हद्दच झाली.

"'पत्नीने आवाज चढवू नये. रुग्णाच्या हृदयास धक्का बसतो.'"

"माझं नाव घेतलं तिनं?"

"नाव नाही. 'सदर पत्नी' असा उल्लेख आहे."

सदर पत्नी दात-ओठ खाऊन कुजबुजत बोलू लागली. दिवसा टेकलेली पाठ संध्याकाळी मोडायची. तरी तिनं सोसलं. पण शुक्रवारी हेडक्लार्कनं वाचलं, "'रुग्णाच्या भगिनीस रविवारपासून एक महिना घरी बोलावण्यात यावे. त्यांच्या सहवासाने रुग्णास उभारी येईल.'"

नणंद! महिनाभर! जिनं लग्नात थोरलीच्या नाकाला नावं ठेवली आणि अजून ती मागे घेतली नव्हती! भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची वेळ आली.

शनिवारी दुपारी थोरली पदर खोचून केंद्रावर गेली. या मॅडमची चांगली हजेरी घ्यायची, असा बेत होता. काचेच्या दारातूनच तिला हेडक्लार्क दिसला. दोन्ही हातांत ट्रे धरून तो ओळीनं बसलेल्या बायकांना चहा देत होता. वर हसतही होता. ट्रे खाली ठेवून तो एका आजोबांपाशी गेला आणि त्यांच्या स्वेटरची बटणं त्यानं पटापटा लावली. पाचही. डाव्या हातानं.

थोरलीला आपल्या खोलीत बसवून मॅडम कौतुकानं म्हणाल्या, "ते तर आमचा उजवा हात आहेत! पण घरी का हो करून घेत नाही? मी रोज लिहिते, आयतं हातात देऊ नका, नाहीतर हात परत आखडेल. आणि रोज तुमची खाली सही!"

वाचलं म्हणावं, तर नवऱ्याचा हात आपणच घालवला असं होतं. नाही वाचलं म्हणावं, तर...

"मॅडम, दार लावा."

दार लागलं.

"मला वाचता येत नाही. तुम्ही ऐकलंत, या भिंतीनं ऐकलं. तिसऱ्या कानाला कळलं, तर गाठ माझ्याशी आहे."

"नाही कळणार, आजी."

"मग आता पेन घ्या. मी सांगते ते लिहा."

लिहून झाल्यावर तिनं ते तीनदा वाचायला लावलं. तोंडपाठ झालं, तेव्हाच उठली.

संध्याकाळी हेडक्लार्क खुर्चीत पाय पसरून बसला. "तेल कोमट झालं का?"

"होतंय. आधी वही."

"तुझा चष्मा?"

"सापडत नाही मेला."

हेडक्लार्कनं वही उघडली, घसा साफ केला. "'सदर रुग्ण...'" म्हणाला आणि थांबला. पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं:

'सदर रुग्ण ठणठणीत आढळले. सबब त्यांनी स्वतःची बटणे स्वतः लावावीत व कप विसळावा. व्यायाम म्हणून दोन्ही हातांनी सदर पत्नीच्या तळपायांस कोमट तेल लावण्यात यावे. भगिनीस बोलावू नये. वाचताना एकही शब्द बदलल्यास मॅडम रोज फोनवर स्वतः वाचून दाखवतील.'

हेडक्लार्कनं पान उलटलं, परत सुलटं केलं. खिसे चाचपले. उशीखाली पाहिलं.

"अगं," तो हळूच म्हणाला, "माझा चष्मा सापडत नाहीये."

"नाकावर आहे," थोरली म्हणाली, आणि तेलाची वाटी त्याच्या मांडीवर ठेवून तिनं पाय पुढे केले.