ड्रायव्हरसाहेबांनी पोटापासून चार बोटे मुलूख सोडविला त्याची हकीकत

वाचणाराचे हाती घास असल्यास खाली ठेवावा. घडले तैसे लिहितो, भीड कोणाची ठेवीत नाही.

सात नंबरच्या बसचे चालक राजश्री ड्रायव्हरसाहेब यांचे पोट वाढत वाढत स्टिअरिंगास भिडले, आणि मग वळण आले की पोट हॉर्नवर चढे आणि इस्पितळासमोर बस आपोआप गर्जे. सबब डेपोच्या मॅनेजरसाहेबांनी फर्मान काढिले की, तीन महिन्यांत पोट मागे न हटल्यास ड्रायव्हरांनी बस सोडून हरवलेल्या छत्र्यांच्या खोलीत बसावे. बावीस वर्षांचे चाक हातचे जाणार! ड्रायव्हरसाहेबांचे धाबे दणाणले.

प्रथम साहेब तीन दिवस धावले आणि गुडघे फितूर जाहले. मग एक दिवस निराहार राहिले आणि सांजेस अख्खा पाव फस्त करून चुराही उचलिला. ऐसी दोनदा शिकस्त जाहली. तेव्हा गनीम घरातच सापडला. स्वतःचे जेवण बेताचे, परंतु मागाहून लेकीचा अर्धा टोस्ट, सासूबाईंचा उरला भात आणि पातेल्याच्या तळची भाजी साहेबांचेच पदरी. बाईसाहेबांचा रोजचा हुकूम, "अहो, एवढं घ्या संपवून, भांडं रिकामं होईल." भांडी रिकामी होत गेली आणि साहेब भरत गेले. भांड्याची काळजी साऱ्या घरास, माणसाची कोणास नाही, हे स्पष्ट लिहितो!

सोमवारी बाईसाहेब पळी घेऊन चालून आल्या, तो साहेबांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरिले.

"नको. मी डबा नाही."

"जावईबापू रुसले वाटतं," सासूबाई वदल्या.

"बाबा, मग माझा टोस्ट कोण खाणार?"

"जिनं घेतला ती!"

तिसरे दिवशी तह जाहला की, रांधणे कमी करावे, उरले ते झाकणाच्या डब्यात जावे, साहेबांत जाऊ नये. साहेब आठवडाभर त्या डब्याभोवती घिरट्या घालीत होते, हेही लपवीत नाही. परंतु पोट भरले की पोटच सांगते, हे त्यांस अठ्ठेचाळिसाव्या वर्षी प्रथम ऐकू आले.

मुदत भरली. मॅनेजरसाहेब जातीने पहिल्या सीटवर बसले. इस्पितळाचे वळण आले, चाक फिरले, आणि काहीच वाजले नाही.

मागून कंडक्टर ओरडला, "दादा, हॉर्न बिघडला काय?"

येणेप्रमाणे पोट व स्टिअरिंग यांमधील चार बोटे मुलूख ड्रायव्हरसाहेबांकडे कायम जाहला. त्यावर कोणी उरलेला घास ठेवू नये.