धाकूकाकांची मोजपट्टी

परीक्षा दहाला सुरू झाली आणि दहा वाजून चार मिनिटांनी सुविधा अडकली.

गोव्यातल्या साखळी गावच्या शुश्रूषा केंद्रात बरे होण्यासाठी कोणी येत नसे. शेवटचे दिवस दुखण्याविना जावेत एवढ्यासाठी येत. तिथल्या नर्सला, सुविधाला, काय येतं हे तपासायला पणजीहून विनिता मॅडम आल्या होत्या. त्यांची मराठी इतकी शुद्ध होती की त्या कुठल्या गावच्या हे कळत नव्हतं. पास झाल्यास सुविधाला रुग्णांच्या घरी एकटीने जाण्याची परवानगी मिळणार होती. ती मिळाली की तिथले रुग्ण धाकूकाका कारापूर गावी आपल्या घरी जाणार होते. घरी नर्स येणार नसेल तर डॉक्टर त्यांना सोडायला तयार नव्हते.

"काका, दुखणं दहापैकी किती?" सुविधाने विचारलं.

"शून्य," धाकूकाका म्हणाले. मग मॅडमकडे वळून, "नमस्कार. बसा."

सुविधा गोंधळली. तीस वर्षं खाणीवर ट्रक चालवलेल्या या माणसाने कोणाला 'बसा' म्हटल्याचं केंद्रात कोणी ऐकलं नव्हतं. आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून सुविधाने त्यांच्यापुरती एक वही केली होती. काका शिव्या देतात तोवर दुखणं दोन. शिव्या तुटक झाल्या की चार. गप्प झाले की सहा. दोन महिन्यांत वही एकदाही चुकली नव्हती. पण आज ते दुखण्यामुळे गप्प होते की मॅडममुळे?

"किती लिहिलंत?" मॅडमनी विचारलं.

"अजून नाही लिहिलं."

"रुग्ण शून्य म्हणताहेत."

"म्हणूनच नाही लिहिलं."

मॅडमनी फॉर्म उलटून पाहिला. असं उत्तर मागच्या बाजूलाही नव्हतं.

"काका," सुविधा हळू म्हणाली, "एक शिवी घाला बघू."

मॅडमचं पेन थांबलं.

"शिवी?" काका म्हणाले. "ती काय असता ता माका म्हायत नाय."

शेजारच्या खाटेवरच्या गोकुळदासला हसता हसता ठसका लागला. "काल चाय थंड म्हणान माझ्या सात पिढ्यो उद्धारल्यान!"

"हा रुग्ण काय म्हणतोय?" मॅडमनी विचारलं.

"तो पुरावा आहे," सुविधा म्हणाली आणि तिने शेवटचा उपाय काढला. "काका, गोकुळदासकाका म्हणतत, तुमच्यापेक्षा ट्रक ते बरो चालवतले."

गोकुळदास आयुष्यात सायकलीपलीकडे गेला नव्हता. त्याने घाबरून चादर तोंडावर ओढली.

धाकूकाकांनी डोळे मिटले. "असात बापडो," ते म्हणाले. असेल बिचारा, एवढंच; शिवी नाही.

सुविधाने तत्काळ फॉर्मावर सहा लिहिलं आणि त्यांची चादर बाजूला केली. काकांच्या मुठीत खाटेची कड होती आणि बोटं पांढरी पडली होती.

"कधीपासून?"

"सकाळपासून," काका पुटपुटले. "तू पास झालंस तर मी घराक जातलंय. म्हणान गप्प रवलंय."

अशा वेळेसाठी डॉक्टरांनी जादा डोस लिहून ठेवला होता. सुविधाने तो दिला, डॉक्टरांना फोन केला, उशी सरकवली. अर्ध्या तासाने काकांनी मान वळवली आणि गोकुळदासला ट्रक या विषयावर सलग दोन मिनिटं सुनावलं. सुविधाने घड्याळ पाहून दोन लिहिलं.

मॅडम मात्र उठल्या. "रुग्ण शून्य म्हणाला, तुम्ही सहा लिहिलंत. तुम्ही रुग्णाला डिवचलंत. शिव्यांचा रकाना फॉर्ममध्ये नाही. मी आज सही करू शकत नाही. वरिष्ठांना विचारते."

त्या गाडीकडे गेल्या. काका खिडकीतून बघत होते. मॅडमनी दार ओढलं. बोटं आत राहिली. त्यांनी दार उघडून हात सोडवला, ओठ घट्ट मिटले आणि समोरच्या कुंपणाकडे बघत ताठ उभ्या राहिल्या. तोंडातून शब्द नाही.

"सुविधा गो!" काका ओरडले. "धाव! बाई गप्प झाली! सहा!"

सुविधा बर्फ घेऊन धावली. "मॅडम, दुखतंय?"

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. "शून्य."

सुविधाने त्यांना पायरीवर बसवलं. अंगठी सुजेत अडकायच्या आत उतरवली, बोटं एकेक करून हलवून पाहिली, रुमालात बर्फ गुंडाळून धरला. पाच मिनिटं ती तशीच बर्फ धरून बसली. मग मॅडमनी श्वास सोडला, गाडीकडे पाहिलं आणि अस्सल गावची शिवी हासडली, "शिरा पडली त्या दारार!"



"दोन," सुविधा म्हणाली.

"बाई आमच्याच भागातली गो!" काका ओरडले.

"मांद्रे गावची," मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या. त्यांनी फॉर्म मागितला, समासात हाताने एक जादा रकाना आखला, त्यात 'मौन' लिहिलं आणि डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली.

सुविधा फॉर्म घेऊन आत आली. काका तिच्या तोंडाकडे बघत होते.

"सोमवारी," ती म्हणाली. "कारापूर."

धाकूकाकांनी जी शिवी दिली ती वहीत नव्हती. सुविधाने खाली नवी ओळ आखली, शिवी नीट लिहून घेतली आणि पुढे आकडा टाकला. शून्य.