नाकास छिद्र पाडणेबाबत

सरुबाई गेल्याचं सरकारला कळलं तो मंगळवार होता. घरच्यांना ते अठरा दिवस आधीच कळलं होतं, पण घरच्यांचं कळणं कागदावर धरत नाहीत. नोंदणीच्या खिडकीतल्या माणसानं दाखल्यावर शिक्का मारला, शाई वाळावी म्हणून फुंकर घातली आणि तिच्या नवऱ्याला, दादासोंना, म्हणाला, "झालं बघा काका. आता त्या अधिकृत गेल्या." दादासोंनी दाखल्याच्या दहा प्रती काढून घेतल्या. बँकेपासून गॅसवाल्यापर्यंत प्रत्येकाला ती बातमी वेगवेगळी द्यायची होती.

घरी आल्यावर लेकीनं, प्रीतीनं, आईच्या वस्तूंची पुडी सोडली. त्यात पांढऱ्या खड्याची चमकी होती.

"आबा, मी नाक टोचून घेतो."

सरुबाई सहा वर्षं लेकीच्या मागं लागली होती, नाक टोच म्हणून. "म्हातारीगत दिसतंय," म्हणून प्रीती उडवून लावायची. मधल्या काळात नाक टोचायची फॅशन परत आली, मैत्रिणींनी नाकंच काय, भुवयासुद्धा टोचून घेतल्या. तरी प्रीतीनं ऐकलं नाही. आई सांगते ती फॅशन कशी असेल?

"आईच्या वर्षदिनाला ही घालून विहारात बसायचं हाय मला," ती म्हणाली. "जित्यापणी ऐकलो न्हाई तिचं."

वर्षदिनाला अकरा महिन्यांहून जास्त अवकाश होता. एका भोकाला एवढा वेळ पुष्कळ झाला, असं दादासोंना वाटलं. ते उद्यमनगरात एकतीस वर्षं ड्रिल मशिनवर होते. दिवसाला चारशे भोकं पाडायचे आणि एकाही भोकाबद्दल त्यांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं. ते गुजरीतल्या सोनाराला भेटून आले. सोनार म्हणाला, "दोन मिन्टाचं काम. रविवारी घेऊन या पोरीला."

शुक्रवारी प्रीतीनं, चमकी कुठं शोभेल ते बघावं म्हणून, डाव्या नाकपुडीवर बारीकशी टिकली चिकटवली आणि तशीच कामावर गेली. उपविभागीय नमुने व प्रपत्रे कार्यालयात ती कंत्राटी संगणक चालक होती. बाकीच्या कार्यालयांना लागणारे छापील अर्ज तयार करणं हे या कार्यालयाचं काम. दारात हजेरीचं मशिन होतं, ते चेहरा बघून आत सोडायचं. मशिन म्हणालं, "चेहरा जुळत नाही." तिनं टिकली काढली. मशिन म्हणालं, "सुप्रभात, प्रीती."

इथंच हे मिटायचं. पण दुपारी अधीक्षक हंबीररावांनी तिला आत बोलावलं.

"सकाळी दहा वाजून चार मिन्टांनी एक अनोळखी बाई आत शिरायला बघत हुती. कोण ती?"

"मीच की साहेब. टिकली लावलती."

"हे तुम्ही म्हंतासा. मशिन म्हणत न्हाई. लेखी खुलासा द्या."

प्रीतीनं खुलासा दिला आणि त्यात एक गंभीर चूक केली. तिनं खरं लिहिलं. नाक टोचायचा विचार आहे, असं शेवटच्या ओळीत आलं, आणि विचार कागदावर आला म्हणजे त्याला परवानगी लागते. परवानगीशिवाय चेहऱ्यात बदल केल्यास मशिन ओळखणार नाही, मशिननं ओळखलं नाही तर हजेरी लागणार नाही, आणि सलग तीन दिवस हजेरी नसल्यास कंत्राट संपतं, असं तिला त्याच दिवशी लेखी कळवण्यात आलं. रविवारी गुजरीला जाणं राहिलं.

परवानगीच्या अर्जाचा नमुना कार्यालयात नव्हता. हे हंबीररावांच्या जिव्हारी लागलं. "म्हशीच्या शिंगाचा नमुना हाय आपल्याकडं. नाकाच्या भोकाचा न्हाई? लोक तोंडात शेण घालतील!" दोन महिन्यांत नमुना तयार झाला. छिद्राचा व्यास, छिद्राची खोली, छिद्राचे प्रयोजन, छिद्र कायम की हंगामी. हा अर्ज दादासोंनी भरला. व्यासापुढं त्यांनी सवयीनं लिहिलं: शून्य दशांश आठ मिलिमीटर, अधिक-उणे पाच शतांश. असा नेटका अर्ज आपण उभ्या नोकरीत पाहिला नाही, असं लिपिक सम्राट म्हणाला, आणि त्यानं तो परत केला.

"छिद्र पाडल्यानंतरचा फोटो जोडल्याला न्हाई."

"अजून पाडलंय कुठं?" दादासो म्हणाले.

"मग पाडून घ्या."

"म्हंजे चालतंय व्हय पाडल्यालं?"

"परवानगीबिगर कसं चालंल काका? काय बोलालाय!"

अखेर सम्राटनंच वाट काढली. नंतरचा फोटो म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी टोचलेल्या नाकाचा, नमुन्यादाखल जोडावा. शिपाई शालूबाई हातातला चहा खाली ठेवून फोटोला उभी राहिली. अर्ज वर गेला आणि पंधरा दिवसांनी शेरा घेऊन खाली आला: सोबतच्या फोटोतील छिद्रास परवानगी कोणी दिली?

कुणीच दिली नव्हती. मोजणी झाली. कार्यालयात एकोणीस महिला, त्यांची मिळून एकसष्ट बिगरपरवाना छिद्रं निघाली. कान धरून. गुंठेवारीतली घरं नियमित करतात तशी ही छिद्रं नियमित करून घ्यावीत, अन्यथा ती बुजवण्यात येतील, अशा नोटिसा प्रत्येकीच्या टेबलावर आल्या.

"माझं नाक पाच वर्साची हुतो तवा टोचलंय," शालूबाई सम्राटपुढं उभी राहिली. "टोचणारा सोनार मेला. आता त्याला उठवून आणू व्हय सहीला?"

"साक्षीदार कोण हाय का मावशी?"

"अख्ख्या नेसरी गावानं माझं बोंबलणं ऐकलंय!"

"मग नेसरीतनं बोंबलल्याचा दाखला आणा. दोन प्रतींत."

त्या दिवसापासून कार्यालयातल्या बायका प्रीतीशी बोलेनाशा झाल्या. डबा ती एकटी खाऊ लागली. आठ महिने झाले.

"आबा, सोडतो मी ही नोकरी," एक दिवस ती घरी येऊन म्हणाली.

"चार ठिकाणी मुलाखती दिल्यास तवा लागली ती. तुझ्या आईनं गल्लीत पेढं वाटलं हुतं. थांब जरा."

दादासो स्वतः हंबीररावांकडं गेले. इस्त्रीचा सदरा घालून गेले. "साहेब, पोरीला तिच्या आईची चमकी घालायची हाय. एवढंच हाय. त्यात दुसरं काय न्हाई."

हंबीररावांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. "काका, माझी आई बी अशीच गेली. मला कळतंय सगळं. म्हणून तर हे घाईनं करायला नको." त्यांनी दादासोंना चहा पाजला, दाखल्याची शेवटची प्रत ठेवून घेतली, आणि विषय भावनेचा असल्यानं तो कार्यालयानं एकट्यानं ठरवू नये, असं ठरवलं. नागरिकांकडून हरकती व सूचना मागवण्यात आल्या.

प्रीतीचा फोटो, एक समोरून आणि एक बाजूनं, नोटिशीसोबत कार्यालयाच्या फलकावर लागला. तिथून तो लोकांच्या मोबाईलमध्ये गेला. रस्त्याच्या, पाण्याच्या, कचऱ्याच्या नोटिशीकडं आजवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. या नोटिशीला तीनशे बारा हरकती आल्या. दादासोंनी त्या सगळ्या बसून वाचल्या. आईला वर्ष झालं नाही तोवर पोरगीला नटायचं सुचतंय, अशा नव्वद होत्या. त्यातल्या सतरा जणांना दादासो ओळखत होते. सरुबाई गेली तेव्हा ते भेटायला आले होते आणि काही लागलं तर सांगा, म्हणून गेले होते. नाक टोचणं ही बाईची गुलामी आहे, असं एका गृहस्थांनी बायकोच्या हस्ताक्षरात कळवलं होतं. आपल्यात उजवी नाकपुडी टोचत नाहीत, असं काहींचं म्हणणं होतं, आणि डावी टोचत नाहीत, असं तितक्याच जणांचं. शाहूवाडीच्या एकानं, हरकत काही नाही, पण स्थळ सुचवायचं आहे, असं लिहून मोबाईल नंबर दिला होता.

वर्षदिन झाला. विहारात वंदना झाली. प्रीती पुढच्या ओळीत बसली होती. उठताना तिनं नाकाला हात लावला आणि खाली घेतला. दादासोंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

लोकांचा उत्साह बघून हरकतींची मुदत वाढवून दिली आहे. तुम्ही प्रीतीला ओळखत नाही, सरुबाईला तुम्ही कधी पाहिलं नाही. तरी डावी की उजवी, टोचावं की राहू द्यावं, हे एवढं वाचता वाचता तुमचं ठरलं असेलच. अर्ज खिडकी क्रमांक तीनवर मिळतो.

प्रीतीचं नाक टोचायचं राहिलं आहे.