दिवसाउजेडी पंगतीच्या मोहिमेची बखर

श्रीजिनेंद्रांस वंदन करून, वडिलांचे पाय आठवून, आणि हातातील मोबाइल उपडा ठेवून लेखनास आरंभ केला. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाख मासी, कसबे निपाणी येथे हमरस्त्याच्या अलीकडे, राजमान्य राजेश्री धनपाल अण्णा, तंबाखूचे निवृत्त व्यापारी, यांचे दुमजली स्लॅबचे घरी जो घनघोर संग्राम जाहला आणि जो अखेरीस जोंधळ्याच्या कोठीपाशी फत्ते पावला, त्याची हकीकत जैशी घडली तैशी लिहितो. पदरचे मीठ घातले असेल, तर चवीपुरते.

ऐसियास, त्या दौलतीच्या मूळ धनी म्हणजे अण्णांच्या मातोश्री, गंगाजळनिर्मळ धोंडूबाईसाहेब. त्यांचा नियम ऐसा की दिवस बुडाला म्हणजे मुखी अन्न नाही आणि पाणीही नाही. हा नियम धर्माचा. लग्न होऊन या घरी आल्या तेव्हापासून मोडला नाही. आणखी एक नियम त्यांनी आपल्या मायेने जोडला होता, तो ऐसा की घरची झाडून सारी माणसे पंगतीस बसल्याखेरीज पहिला घास घेणे नाही. आता हे दोन नियम एकमेकांस जोवर मानत होते तोवर दौलतीस धोका नव्हता. त्यात डॉक्टरांचा हुकूम होता की मातोश्रींस साखरेचा विकार, सबब गोळीवर पोटभर जेवण हवेच, उपाशी निजणे एकंदर मना.

पूर्वी या सर्व बंदोबस्तावर अण्णांच्या मंडळी सौभाग्यवती अक्काताईसाहेब कोतवाल होत्या. सूर्य कलला की त्या पळीने परात बडवीत, आणि तो नाद ऐकून शत्रूदेखील ताटावर येऊन बसता. परंतु चैत्रात लेकीच्या बाळंतपणानिमित्त अक्काताईसाहेबांची स्वारी चिकोडीस कूच करून गेली, आणि मग वेशीवर कोणी राहिले नाही, आणि गनिमाने उचल घेतली.

गनीम म्हणाल तर बाहेरून आलाच नव्हता. तो प्रत्येकाच्या खिशात, उशाशी, पदराआड सुखाने नांदत होता, आणि घरच्यांनीच त्यास रोज रात्री चार्जिंगचा खुराक घालून पोसला होता. त्याने काय काय मुलूख काबीज केला ते सांगतो. अण्णांसारखा मातबर पुरुष, तंबाखूची प्रत नुसत्या वासावरून सांगणारा, तो पहाटे उठून परगण्यातील यच्चयावत इसमांस फुले आणि समया धाडू लागला, आणि शेजारच्या कट्ट्यावर बसलेल्या गृहस्थाससुद्धा तोंडाने राम राम न करता मोबाइलवर सुप्रभात धाडी, आणि उत्तर येईतो चहा घशाखाली उतरेना. चिरंजीव श्रेयांसराव, पतसंस्थेच्या संगणकखात्याचे अंमलदार, यांचा उजवा अंगठा तर झोपेतही खालून वर सरके. सूनबाई दीप्तीबाई शाळेत शिक्षिका, हुशार आणि तडफदार. परंतु आमटीत मीठ किती ते जिभेस न पुसता व्हिडिओस पुसू लागल्या, आणि ताट वाढून जाहल्यावर त्याचा मनाजोगता फोटो निघेतो कोणी घासास हात लावू नये ऐसा दंडक पडला. त्यांची लेक आरोहीबाई कॉलेजात शिकत, त्या माडीवरून खाली मुदपाकखान्यात मेसेज धाडून विचारीत की जेवण जाहले काय. जिना मध्ये होता, परंतु त्या जिन्याचा वापर राहिला नव्हता.

मग व्हायचे तेच जाहले. एके दिवशी ताटे वाढली आणि मातोश्री पाटावर येऊन बसल्या, आणि अण्णा एक क्लिप पुरी पाहून येतो म्हणाले, आणि श्रेयांसराव आलोच म्हणाले, आणि आरोहीबाईंनी अंगठ्याचे चित्र धाडले, आणि दीप्तीबाई भाकरीची कड नीट दिसावी म्हणोन खुर्चीवर चढल्या. तो पश्चिमेच्या खिडकीत उसाच्या फडामागे दिवस बुडाला. मातोश्रींनी ताट हाताने पुढे सरकविले, णमोकार मंत्र म्हटला आणि उठल्या.

"आई, जेवलीस न्हवं?" ऐसे अण्णांनी काही वेळाने स्क्रीनवरील नजर न काढता विचारिले.

"दिस बुडाला रं. जेवा तुम्ही," ऐसे म्हणोन त्या निजावयास गेल्या. आणि हे एक दिवस घडते तर लिहिण्याचे प्रयोजन नव्हते, परंतु पुन्हा पुन्हा घडू लागले, आणि लाज वाटण्याची प्रत्येकाची पाळी दुसऱ्याच्या वाट्यास जाऊ लागली.

तेव्हा अण्णांनी मनात विचार आणिला की आपण कर्ते पुरुष असता मातोश्री उपाशी निजतात, हे दौलतीस शोभत नाही. मग त्यांनी पहिली मोहीम काढिली. मोहीम म्हणजे घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपावर फर्मान सोडिले जे, आजपासोन पंगतीस कोणीही मोबाइल घेऊन बसो नये, कसूर जाहलियास गय होणार नाही. फर्मान सुटले ते नेमके पंगतीच्या वेळी. त्यास श्रेयांसरावांनी हात जोडल्याचे चित्र धाडिले, आणि दीप्तीबाईंनी टाळ्या धाडिल्या, आणि चिकोडीहून अक्काताईसाहेबांचा खलिता आला की हे मी केव्हाचे सांगत होते, आणि त्यास अण्णांनी सविस्तर उत्तर लिहावयास घेतले, आणि मुंबईच्या आतेभावांनी मोबाइलच्या दुष्परिणामांवरील लांबलचक व्हिडिओ धाडिला, तो सर्वांनी आपापल्या ठायी बसून अखेरपर्यंत पाहिला. व्हिडिओ संपला तेव्हा दिवस बुडाला होता. पहिल्या मोहिमेत येणेप्रमाणे शिकस्त जाहली.

दुसरी मोहीम श्रेयांसरावांनी अंगावर घेतली. त्यांची मसलत ऐसी की गनिमास गनिमाच्याच हत्याराने मारावे. त्यांनी सूर्यास्ताची वेळ सांगणारे ॲप उतरवून घेतले, आणि ते अस्तमानापूर्वी चार घास पोटात जातील एवढाच अवकाश ठेवून घंटा वाजवील ऐसा बंदोबस्त केला. ॲपाने गाव विचारिले. यादीत निपाणी नव्हती, आणि चिकोडी नव्हती, आणि बेळगावही सापडेना. सापडली ती दोन, बेंगळूर आणि मुंबई. आता श्रेयांसराव बाजारात कानडी फाडफाड बोलत, कचेरीचे कागद कानडीत लिहीत, बेंगळुरी त्यांचे दोन मित्रही होते; परंतु दोहोंतील एक निवडा ऐसे कोणी विचारिले की सीमाभागाच्या मराठी माणसाचे रक्त उसळते, तैसे उसळले, आणि त्यांनी छाती पुढे काढून मुंबई दाबिली.

परंतु मुंबईचा सूर्य वैशाखात निपाणीच्या सूर्यापेक्षा निवांत बुडतो, हे अभिमानाच्या भरात ध्यानी आले नाही. घंटा होईल तेव्हा उठू म्हणोन सारे सरदार आपापल्या मोर्च्यात निर्धास्त बसले. पश्चिमेची खिडकी सताड उघडी होती, आणि तीतून सूर्य तांबडालाल होऊन सर्वांदेखत खाली उतरत होता, परंतु ज्याने वेळ सांगावयाची तो खिशात आहे, मग खिडकीकडे कोण पाहतो? मातोश्रींनी मात्र पाहिले.

घंटा वाजली आणि सारे धावत पाटावर आले. "चला आज्जी, अजून टाइम हाय!" ऐसे आरोहीबाई म्हणाल्या.

"कुठला टाइम गं बाळ? दिस कवाच गेला की," ऐसे मातोश्री म्हणाल्या. श्रेयांसरावांनी मोबाइल दाखविला की अजून सूर्यास्त जाहला नाही, येथे लिहिले आहे. मातोश्रींनी मोबाइलकडे पाहिले, मग खिडकीतील रिकाम्या आभाळाकडे पाहिले, आणि नातवाचा अपमान होऊ नये म्हणोन ताट हळूच पुढे सरकवून उठल्या. बेंगळूर दाबिले असते तर त्या रात्री मातोश्री जेवत्या, हे पुढे बाहेर आले, परंतु ते श्रेयांसरावांनी आजतागायत कोठे कबूल केलेले नाही.

दुसरे दिवशी सकाळी मातोश्री बस्तीस, म्हणजे जिनमंदिरी, दर्शनाला निघाल्या, तो दाराच्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या खाली बसल्या त्या बसल्याच, मग आडव्या जाहल्या. अण्णा पुढल्या अंगणात पाठमोरे उभे राहून 'वडीलधाऱ्यांची काळजी घ्या' ऐसा सुविचार परगण्यास धाडीत होते. श्रेयांसरावांच्या दोन्ही कानांत मोबाइलची बोंडे होती. मातोश्री पडल्याचा आवाज ऐकिला तो दीप्तीबाईंनी, ज्या आत दळणासाठी पत्र्याच्या कोठीतून जोंधळे काढीत होत्या, आणि त्यांच्याही कानास खांद्याने दाबलेला मोबाइल होताच. त्या तशाच धावल्या.

डॉक्टर आले, साखरपाणी जाहले, आणि मातोश्रींनी डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले की रात्री पोट रिकामे राहिले, दुसरे काही नाही. हे ऐकून अण्णा खाली मान घालून मातोश्रींच्या पायांशी बसले, आणि लेखकूस लिहावयास संकोच होतो, परंतु साठी उलटलेला तो गृहस्थ लहान पोरासारखा रडला. मातोश्रींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेविला. "मला काय झालंय रं? रडतोस कशाला? जरा गरगरलं एवढंच," ऐसे म्हणाल्या. तिकडे दीप्तीबाई आत गेल्या आणि आपला मोबाइल जोंधळ्यात कोपरापर्यंत खुपसून आल्या. त्या क्षणी सेनापतीची वस्त्रे आपोआप त्यांचे अंगावर आली.

सायंकाळी दीप्तीबाईंचा हुकूम सुटला, आणि तो ग्रुपावर नव्हे तर मुदपाकखान्याच्या दारात उभे राहून, कमरेवर हात ठेवून, की सर्वांनी आपापले शस्त्र कोठीत जमा करावे. श्रेयांसरावांनी पतसंस्थेचे काम सांगून पाहिले, आणि आरोहीबाईंनी अभ्यास सांगितला. "आधी जेवण. मग काय ते बघू," ऐसा जबाब मिळाला. एकेक करून सारे मोबाइल जोंधळ्यात गाडले गेले, झाकण पडले, आणि झाकणावर वरवंटा ठेविला.

मग वेढा सुरू जाहला. बाहेरील गनिमाचा वेढा सोपा, परंतु येथे वेढलेले आणि वेढणारे तेच, म्हणोन फितुरी फार. घटका न भरता अण्णा हाती सूप घेऊन कोठीकडे जाताना सापडले.

"अण्णा, कुठं चाललाय?"

"काय न्हाय गं, म्हटलं दळणाचं जोंधळं जरा पाखडून ठेवावं."

उभ्या आयुष्यात ज्यांनी दळणाची चौकशी केली नाही त्यांस ही उपरती जाहलेली पाहून दीप्तीबाईंनी सूप काढून घेतले आणि अण्णांस पाटावर नजरकैद केले. श्रेयांसरावांचा अंगठा रिकाम्या मांडीवर सरकत होता. सारे जण एकमेकांचे तोंड पाहू लागले, आणि पाहताना अवघडले, कारण घरच्यांची तोंडे इतक्या जवळून पाहण्याचा सराव मोडला होता.

इतकियात कोठीच्या पोटातून घरघर निघाली आणि झाकण थरथरू लागले. सर्वांनी ओळखिले की चिकोडीहून अक्काताईसाहेबांचा व्हिडिओ कॉल आहे, आणि त्यात नवे बाळ दिसणार. अण्णा अर्धे उठले. दीप्तीबाईंचाही धीर सुटला, हे खरे ते लिहिले पाहिजे. त्यांचा हात वरवंट्याकडे गेला. मोहीम बुडावयाची ती याच क्षणी बुडती. परंतु मातोश्री बोलिल्या.

"बाळ काय दिस बुडला म्हणून पळून जातंय व्हय? बसा खाली. भाकरी थंड व्हाय लागली."

सारे बसले. घरघर आपसूक थांबली. मग मातोश्रींनीच आरोहीबाईंस विचारिले की कॉलेजात सध्या काय चालले आहे. आरोहीबाई म्हणाल्या की धावण्याच्या शर्यतीत पहिली आले. ही बातमी घरातील सर्वांनी लाइक केली होती; ऐकली कोणीच नव्हती.

"अगं बया! कवा?" मातोश्रींनी घास हातातच ठेविला. "लई जणी हुत्या व्हय गं? आणि पायात काय घातलंतंस?"

"काय न्हाय आज्जी. बुटाचा तळ सुटला, मग तशीच पळाले अनवाणी."

तो बूट श्रेयांसरावांनीच आणला होता आणि त्याचा तळ सुटल्याचे त्यांस ठाऊक नव्हते. तळव्याला आलेला फोड अण्णांनी वाकून पाहिला. मग आरोहीबाईंनी शेवटल्या वळणावर चिकोडीच्या मुलीस कसे मागे टाकिले ते हातवारे करून सांगितले, आणि आमटीचे भांडे लवंडले, आणि कोणी रागावले नाही, आणि आमटीत मीठ कमी होते ते सर्वांच्या जिभांस एकदमच कळले, आणि श्रेयांसराव इतके हसले की त्यांस ठसका लागला.

या गदारोळात मातोश्रींची भाकरी केव्हा संपली ते कळले नाही. त्यांनी खिडकीकडे पाहिले. त्यांजबरोबर सर्वांनी पाहिले. सूर्य उसाच्या शेंड्यांवर टेकला होता, बुडाला नव्हता.

"हाय की अजून," मातोश्री म्हणाल्या. "वाढ गं अर्धी."

अण्णांस ऐसा आनंद जाहला की हे वर्तमान परगण्यास कळवावे, मातोश्रींचा हसरा मुखडा टिपून घ्यावा, म्हणोन त्यांचा हात सवयीने सदऱ्याच्या खिशात गेला, आणि खिशातून जोंधळ्याचे दोन दाणे निघाले. ते त्यांनी निमूट ताटाकडेला ठेविले.

येणेप्रमाणे वैशाख मासी निपाणी मुक्कामी फत्ते जाहली. पुढे गनीम कोठीतून सुटला, आणि पुन्हा खिशांत शिरला, आणि पहाटे फुलेही पूर्ववत सुटली, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु पंगतीपूर्वी कोठीचे झाकण रोज उघडते आणि पडते, एवढा मुलूख राखला आहे. मातोश्री धोंडूबाईसाहेबांनी त्या दिवशी दिवसाउजेडी दीड भाकरी खाल्ली. त्या दीड भाकरीचा फोटो कोणापाशी नाही, म्हणोन लिहून ठेविले.