एका मिनिटाचं छप्पर

राणीसावरगावच्या बौद्ध वस्तीतले पहिले इंजिनिअर म्हणजे भुजंगराव, आणि परभणीत ज्यांच्या कचेरीत सर्वांत आधी कॉम्प्युटर आला तेही, निदान त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार, भुजंगरावच! त्या कॉम्प्युटरात पुण्याहून आणलेलं एक सॉफ्टवेअर होतं. मापं भरली की पडद्यावर भिंती उभ्या राहायच्या आणि हुकूम सोडला की त्यांवर छप्पर बसायचं. विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षी वस्तीनं वाचनालय बांधायला काढलं, तेव्हा भुजंगरावांनी बैठकीत छातीठोकपणे सांगून टाकलं, भिंती तुम्ही बांधा, छप्पर माझ्याकडे लागलं. एका मिनिटाचं काम! जयंतीला, चौदा एप्रिलला, उद्घाटन छपराखालीच होणार.

भिंती बांधल्या सटवाजी मिस्त्रींनी. ते नात्यानं भुजंगरावांचे चुलते. जागा एकीकडून ओढ्यानं आणि दुसरीकडून रस्त्यानं दाबलेली, त्यामुळे चारही भिंती चार लांबीच्या आणि एकही कोपरा सरळ नाही. तरी ओळंबा लावून बघावं तर भिंत कुठे सूतभर ढळलेली नव्हती. भुजंगराव टेप घेऊन आले. तीन भिंती त्यांनी अगदी काळजीनं मोजल्या. चौथीशी शेजारच्या बायनाबाईंची म्हैस बांधली होती आणि तिनं भुजंगरावांकडे बघून शिंगं रोखली. चौथीचं माप त्यांनी लांबूनच, नजरेनं घेतलं.

कचेरीत मापं भरली. पडद्यावर चौथी भिंत पहिलीला भेटेना आणि छप्पर दोघींनाही भेटेना. भुजंगरावांनी दहा वेळा हुकूम दिला आणि दहाही वेळा मशीननं इंग्रजीत सांगितलं, जुळत नाही. मशीन वेडंवाकडं बांधकाम बघून बिचकलंय, अशी त्यांनी समजूत करून घेतली आणि एक भिंत पडद्यावरच हलकेच सरकवली. छप्पर असं झकास बसलं की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. तोच नकाशा गंगाखेडच्या वेल्डरकडे गेला.

आठ एप्रिलला लोखंडी सांगाडा ट्रॅक्टरवरून आला. वीस जणांनी तो भिंतींवर चढवला. तीन कोपरे बसले. चौथा हातभर बाहेर, अधांतरी! सगळी वस्ती आधी त्या कोपऱ्याकडे आणि मग भुजंगरावांकडे बघायला लागली. उद्घाटनाला सहा दिवस उरले होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सटवाजी मिस्त्री पुढे झाले. त्यांनी सांगाडा खाली उतरवला, बायनाबाईंना म्हैस सोडायला लावली आणि चौथी भिंत मोजली. मग समोरच्या पटांगणात पांढऱ्या फक्कीनं चारही भिंती आहेत तेवढ्याच आखल्या आणि सांगाडा त्या रेघांवर ठेवला. कुठे कापायचं आणि कुठे जोडायचं, ते पोरासोरांनाही दिसायला लागलं. वेल्डर गंगाखेडहून मशीन घेऊन आला. तेराच्या दुपारी छप्पर चारही कोपऱ्यांवर बसलं आणि कापून उरलेल्या लोखंडातून मिस्त्रींनी दारावर छोटा छज्जासुद्धा काढला. भुजंगराव खाली उभे राहून बघतच राहिले. एवढी विद्या एका मुठीतल्या फक्कीत मावते, हे त्यांना कुठल्या कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

जयंती दणक्यात झाली. आठ दिवसांनी सटवाजी परभणीला मुद्दाम कचेरीतलं मशीन बघायला आले. भुजंगरावांनी खरी मापं भरली आणि छप्पर खरोखरच एका मिनिटात बसलं. मिस्त्री पडद्याजवळ तोंड नेऊन बराच वेळ कौतुकानं बघत राहिले.

"आन त्या टायमाला हे काय म्हणलं होतं?"

भुजंगरावांना खोटं बोलवेना. "जुळत नाही म्हणालं होतं, काका. दहा वेळा."

"लय सच्चं हाय की," सटवाजी म्हणाले. "भुजंगा, पुढच्या टायमाला मोजायला ह्यालाच धाड. तू नको येऊ."