शालिकरामची लिबियन कोशिंबीर

"बुधवारी संध्याकाळी मनोहरराव साहेब अन् सिंधूताई आपल्या घरी जेवाले येऊन राहिले," चंद्रकलानं सहज सांगितलं आणि शालिकरामच्या कपातला चहा बशीत, बशीतला मांडीवर आणि मांडीवरचा नव्या सतरंजीवर गेला.

"काहून?"

"काहून म्हणजे? क्लबात हळदीकुंकू होतं. सिंधूताई बाजूलेच बसल्या होत्या. म्या म्हटलं, आमचे हे लिबियात होते ना, तर तिकडची थे गव्हाची हिरवी कोशिंबीर हे सोताच्या हातानं करतात. त्या म्हणाल्या, मला खायचीच आहे. आता काय सांगू त्याईले, नका येऊ म्हणून?"

"अवं, पन सुपरिंटेंडिंग इंजिनीअर! आपल्या क्वार्टरात!"

"मंग? तुमी काय कमी आहे का? दोन वर्षं फॉरेनले राहून आले."

शालिकराम पराते कोराडीच्या वीजकेंद्रात टर्बाइनवर होता. एका कंपनीच्या कामावर तो दोन वर्षं लिबियात जाऊन आला होता. परत येताना त्यानं एक टेपरेकॉर्डर, दोन ब्लँकेटं आणि पुष्कळ गोष्टी आणल्या होत्या. टेपरेकॉर्डर आणि ब्लँकेटं खरी होती.

गोष्टींचं म्हणाल तर, तिकडे त्यानं वाळूशिवाय काही पाहिलं नव्हतं. पत्र्याची खोली, टर्बाइन, पुन्हा पत्र्याची खोली. जेवायला दोन्ही वेळ वरणभात, कारण कँपचा आचारी कवडू भंडाऱ्याचा होता आणि त्याला दुसरं काही येत नव्हतं. पण चंद्रकलानं ही दोन वर्षं एकटीनं काढली होती. घासलेटच्या रांगा, पोरांच्या परीक्षा, सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं तिनं एकटीनं पार पाडलं होतं. आल्या आल्या तिनं डोळे मोठे करून विचारलं, "सांगा ना, तिकडे काय काय खाल्लं?" आता त्या डोळ्यांकडे बघून वरणभात म्हणायला जीभ रेटेना. एकदा मेसच्या खिडकीतून एका इटालियन इंजिनिअरच्या प्लेटीत काहीतरी हिरवं दिसलं होतं, तेच त्यानं सांगितलं. मग ते आपण खाल्लं असं सांगितलं. मग आपणच करायचो असं सांगितलं. तिथंच थांबायला हवं होतं. तो थांबलाही. पण चंद्रकला पुढे निघाली होती.

"काय काय लागते सांगा, म्हणजे आनता येईल," ती म्हणाली.

शालिकराम उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, बसला, पुन्हा उठला. डोळ्यांपुढे खिडकीची जाळी आणि जाळीपलीकडची प्लेट आणत म्हणाला, "दलिया. कोथिंबीर, पुदिना, काकडी, टमाटे, लिंबू. मंग काळं काळं गोल काहीतरी. अन् पांढरं काहीतरी."

"काहीतरी म्हणजे?"

"नाव अरबी आहे. तुले नाही समजनार."

काळं गोल म्हणजे मनुका आणि पांढरं म्हणजे ओलं खोबरं, असं चंद्रकलानं ठरवलं. राहिलं तेल. इटालियन इंजिनिअर बाटलीतून पिवळं तेल ओतत होता, आणि ते ऑलिव्हचं असतं एवढं शालिकरामला ऐकून माहीत होतं. नागपुरात ते फक्त औषधांच्या दुकानात मिळतं, असं कुणीतरी सांगितलं.

सोमवारी तो बसनं सीताबर्डीला गेला. पिशवीत दलिया, लिंबं आणि पुदिन्याची जुडी घेऊन औषधांच्या दुकानात शिरला. गल्ल्यावर ओमप्रकाश नावाचा दुकानदार बसला होता.

"ऑलिव्ह ऑइल है?"

"छोटी शीशी है. बच्चा कितने महीने का है?"

"बच्चा नाही. पेट के लिए पाहिजे." पोटात घालायला, म्हणजे खायला, असं त्याला म्हणायचं होतं.

ओमप्रकाशचा चेहरा एकदम मऊ झाला. "अच्छा, पेट के लिए! भाभीजी के लिए?"

"हाव, तिनंच सांगितलं. लिबियातून आल्यावर पहिल्यांदाच करून राहिलो."

"बधाई हो! हलके हाथ से लगाना. ऊपर से डालो, फिर गोल गोल घुमाओ."

"तसंच करतात ना? मले तेच विचारायचं होतं," शालिकराम म्हणाला. त्याला फार हायसं वाटलं.

मागं शेजारच्या क्वार्टरातले वामनराव उभे होते. ते डोकेदुखीच्या गोळ्या घ्यायला आले होते. त्यांनी शालिकरामच्या पिशवीत वाकून पाहिलं.

"वैनीले आंबट लागून राहिलं वाटते?"

"हाव ना," शालिकराम म्हणाला. "आंबटाशिवाय होतच नाही थे."

वामनराव गोळ्या न घेताच बसकडे धावले. त्यांची डोकेदुखी गेली होती. संध्याकाळपर्यंत ही बातमी त्यांच्या बायकोच्या, गोदूबाईच्या, तोंडून कॉलनीच्या टोकापर्यंत पोचली. चंद्रकलाला मात्र कुणी काही बोललं नाही, कारण अशा वेळी बाईला आधी विचारायचं नसतं, एकदम ओटीच घेऊन जायचं असतं.

मंगळवारी ड्यूटीवर शालिकरामचं लक्ष लागत नव्हतं. प्रेशरच्या काट्याकडे पाहिलं की तिथं दलिया दिसे. एकच आकडा त्यानं दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा वेगळा वाचला. त्यात जो तो येऊन पाठीवर थाप मारत होता.

"हिंमत आहे गा तुही," फोरमन भैयाजी म्हणाले. "या वयात! थोरला पोरगा कॉलेजात अन् तू हे सुरू केलं?"

"काय करू, भैयाजी? घरून शब्द गेला. आता करनं आलं."

"साहेबाले माहीत आहे का?"

"त्याईच्यासाठीच तर करून राहिलो!"

भैयाजींनी चष्मा काढला, पुसला आणि ते दुसऱ्या टर्बाइनकडे निघून गेले.

बुधवारी दुपारी शालिकराम रजा टाकून स्वयंपाकघरात उभा राहिला. चंद्रकलानं कोथिंबीर निवडून ढीग लावला होता. शालिकरामची आई, सखूबाई, दारात पाय पसरून बसली होती आणि नव्या डोळ्यांनी सगळं न्याहाळत होती.

"दलिया शिजवतात का भिजवतात?" चंद्रकलानं विचारलं.

"शिजवतात," शालिकराम ठामपणे म्हणाला.

शिजवला. नुकतीच संक्रांत होऊन गेली होती, नाहीतर पातेल्यात जे तयार झालं त्यानं कॉलनीतले सगळे पतंग चिकटवता आले असते.

"भिजवतात," शालिकराम म्हणाला.

थंड पाण्यात भिजवला. सखूबाईनं चिमूटभर तोंडात टाकला, दोनदा चावला आणि हातावर काढून घेतला. "दातं काल बसवले असते तर आज पडले असते," ती म्हणाली.

शालिकराम ओट्यापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून ओट्यापर्यंत येरझारा घालू लागला. दलिया आता एकदाच करण्यापुरता उरला होता. चंद्रकला हातातली सुरी खाली ठेवून त्याच्याकडे बघत होती.

"एक विचारू? खरं सांगा. तुमी हे खाल्लं होतं का?"

"पाह्यलं होतं."

"कुठून?"

"खिडकीतून."

"अन् खात काय होते तुमी दोन वर्षं?"

"वरनभात," शालिकराम म्हणाला. "भंडाऱ्याचा कवडू होता आचारी."

स्टोव्हवर चहासाठी ठेवलेलं आधण खदखदत होतं.

"दोन वर्षं," चंद्रकला हळूच म्हणाली, "इकडे मी एकटी जेवत होती, तर मनात म्हणे, जाऊ दे, हे तर चांगलं चांगलं खाऊन राहिले. साऱ्या कॉलनीत सांगत फिरली. अन् तुमी वरनभात खाऊन राहिले होते? मले सांगतलं असतं तर म्या काय हाकलून दिलं असतं?"

चंद्रकलाला रडू येत होतं की राग, ते तिलाही कळेना. तिनं ते आधण उचललं, उरलेल्या दलियावर भडाभडा ओतलं आणि वर झाकण असं आपटलं की खुंटीवरची चाळणी खाली पडली. मग मनुका आणि खोबऱ्याच्या वाट्या तिनं उचलून फडताळात टाकल्या. शालिकराम दार धरून उभा राहिला. अर्ध्या तासानं तिनं झाकण काढलं. राग थोडा निवला होता आणि दलिया मऊ, मोकळा, दाणा दाणा सुटा झाला होता.

"सरका," ती म्हणाली.

दलिया पिळला, कोथिंबीर-पुदिना बारीक चिरून घातला, काकडी, टमाटे, लिंबं. शालिकरामनं भीत भीत शीशी पुढं केली. तेल वरून पडलं आणि गोल गोल फिरलं. तेवढ्यात दार वाजलं.

साहेब लवकर आले, असं समजून शालिकरामनं शर्टाची बटणं लावत दार उघडलं. दारात गोदूबाई होती. तिच्यामागं कॉलनीतल्या सात-आठ बाया, हातात नारळ, हिरवे खण, वेण्या.

"काहून लपवलं वं आमच्यापासून?" गोदूबाई सरळ आत शिरली. "बस पाटावर. ओटी भरून देतो."

"कोनाची ओटी?" चंद्रकला म्हणाली.

"घ्या! लाजून राहिली. तुहीच! तुह्या नवऱ्यानंच तर साऱ्याइले सांगतलं. दुकानात सांगतलं, ड्यूटीवर सांगतलं, आंबट लागते म्हणून सांगतलं."

तेल, पेट, भाभीजी, भैयाजींचा चष्मा, सगळं शालिकरामच्या डोक्यात एकाच वेळी पेटलं. "अवो गोदूबाई, थे तसं नाही, थे तेल म्हणजे..."

चंद्रकलानं बायांकडे पाहिलं, नारळांकडे पाहिलं आणि मग सावकाश नवऱ्याकडे पाहिलं.

"यांनी सांगतलं का?" ती म्हणाली. "मंग असंलच. आमच्या घरी हे सांगतात थे सगळं खरंच असते."

आणि पदर सावरून ती पाटावर बसली.

"अवं!" शालिकराम ओरडला. पण त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नव्हता. नाव काय ठेवायचं यावर वाद सुरू झाला होता. तो धावत बाहेर गेला, तसाच आत आला, पुन्हा बाहेर गेला, आणि फाटकाशी थेट मनोहरराव साहेबांच्या अंगावर आदळला.

"अरे वा, कार्यक्रम दिसतोय," साहेब म्हणाले. त्यांच्या मागून सिंधूताई आल्या. चेहरा फिका पडलेला, नाकाला रुमाल. "मंडळींना एकच सांगतो, आग्रह करू नका. हिला सध्या अन्नाचा वासच सहन होत नाही. डॉक्टरांनी पित्तावर औषध दिलंय. या कोशिंबिरीचं नाव ऐकलं आणि कधी नव्हे ते खाईन म्हणाली, म्हणून घेऊन आलो."

शालिकरामनं बशा वाढल्या. साहेबांनी एक घास घेतला आणि बराच वेळ छताकडे पाहिलं. गोदूबाईनं दोन दाणे चाखले. "हे खाऊन राहते का मानूस तिकडे? लगित आंबट आहे वं माय!"

सिंधूताईंनी बशी संपवली आणि पुढं केली. दुसरी संपवली. तिसरी वाढताना शालिकरामचा हात थांबला तर त्यांनी पातेलंच जवळ ओढलं आणि वरून आणखी एक लिंबू पिळून घेतलं.

"सिंधू!" साहेब म्हणाले. "पित्त!"

कोपऱ्यात बसलेली सखूबाई इतका वेळ गप्प होती. सून पाटावर बसली तेव्हाही ती हूं की चूं बोलली नव्हती. सुनेला दिवस गेलेले नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती हळूहळू उठली, सिंधूताईंच्या शेजारी बसली आणि त्यांच्या कानाशी लागून काहीतरी विचारलं. सिंधूताईंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, अर्ध्यात थांबल्या आणि त्यांच्या हातातला चमचा खाली पडला. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आणि मोजणं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

सखूबाईनं मान वळवली. "गोदे," ती म्हणाली, "नारळ इकडे आन. तू चुकीच्या ओटीत टाकून राहिली."

साऱ्या बाया एकदम बोलू लागल्या. चंद्रकला पाटावरून उडी मारून उठली आणि तिनं सिंधूताईंना हात धरून तिथं बसवलं. त्या रडत होत्या, हसत होत्या, आणि दुसऱ्या हातानं पातेलं सोडत नव्हत्या. साहेब "म्हणजे?" म्हणाले, पुन्हा एकदा "म्हणजे?" म्हणाले, आणि गलका ऐकून आलेल्या वामनरावांनी पाणी आणून देईपर्यंत शालिकरामचा हात गच्च धरून उभे राहिले.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनीही सखूबाईचं म्हणणं मान्य केलं. शालिकरामला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्वतः टर्बाइनवर आले. सगळ्यांसमोर त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सिंधूताईंच्या पोटात दुसरं काहीच ठरत नव्हतं.

"शालिकराम, तुमची रात्रपाळी मी बंद केली आहे. संध्याकाळी डबा न्यायला मी माणूस पाठवतो. रोज. आणि हो, तुमच्याच हातची पाहिजे म्हणते ती."

त्या सबंध उन्हाळ्यात कोराडीच्या कॉलनीतून संध्याकाळी जाणाऱ्याला परात्यांच्या स्वयंपाकघरातून सुरीचा आवाज ऐकू येई. शालिकराम घाम पुसत कोथिंबीर चिरत असे. चंद्रकला ओसरीवर गोदूबाईशी बोलत बसलेली असे.

"रोज यांनाच करायला लावते का वं तू?" गोदूबाईनं एकदा विचारलं.

"मी कशाले लावू? तिकडे स्वयंपाक पुरुषच करतात म्हणे. भांडीसुद्धा तेच घासतात." चंद्रकलानं आत पाहून आवाज चढवला. "हेच सांगत होते. हो ना हो?"

सुरीचा आवाज थांबला.

"हाव," शालिकराम म्हणाला, आणि त्यानं पुढची जुडी सोडली.